पत्रा उतरवला, आता टाकू कुठे?

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : घरोघरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांची विल्हेवाट

मंत्रीमहोदय,



आपल्या खात्याकडे येणाऱ्या तक्रारींना बहुधा वास असतो, धूर असतो, नाहीतर फेसाळलेली नदी असते. माझ्या तक्रारीला यातले काहीच नाही. ती कित्येक वर्षे घराच्या कडेला निमूट उभी होती. तिच्यावर शेवाळ चढले, पावसात तिचा आवाज व्हायचा, इतकेच. मी जुन्या सिमेंटच्या पत्र्याबद्दल लिहितो आहे. टेंडरच्या कागदांत त्याला ए.सी. शीट म्हणतात, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा.

नव्या पत्र्यावर बंदी घाला अशी मागणी या पत्रात नाही. ती रास्त आहे असे माझे मत आहे, पण तो निर्णय दिल्लीचा. मला विचारायचे आहे ते आधीच डोक्यावर असलेल्या पत्र्याबद्दल. तो नीट उतरवता येतो. त्यासाठी फार पैसे लागत नाहीत, परदेशी यंत्रे तर मुळीच लागत नाहीत. पण उतरवलेला पत्रा न्यायचा कुठे, याचे उत्तर माझ्या शहरात मला कोणी देऊ शकले नाही. आणि शेवटी तो खड्ड्यातच जाणार असेल, तर मुकादमाने तो जपून का उतरवावा?

१९६० आणि ७०च्या दशकांत आपल्याकडे सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या. बैठे बंगले, पुढे चार झाडे आणि कडेला गॅरेज. गाडी फियाट नाहीतर अँबॅसडर. ती नसेल तर पुढेमागे घेऊ या आशेवर बांधलेले गॅरेज, ज्यात पुढे सायकली, बंबाचे सरपण, गाद्यांचा जुना कापूस आणि आकाशकंदिलाचा सांगाडा राहायला आले. विटांचा खर्च वाचावा म्हणून अनेकांनी अँगलचा सांगाडा उभा करून छपराला आणि तिन्ही बाजूंना सिमेंटचे पत्रेच बसवले. माझ्या वडिलांनीही तेच केले. त्या काळी ती शहाणपणाची गोष्ट होती. पत्रा गंजत नाही, जळत नाही, वाळवी लागत नाही आणि लोखंडी पत्र्याइतका तापतही नाही.

आता या बंगल्यांचा पुनर्विकास सुरू आहे. पाडकामाच्या दिवशी जेसीबीला आत शिरायला वाट लागते, आणि ती वाट नेमकी गॅरेजवरून जाते. म्हणून सगळ्यात आधी गॅरेज पडते. आमच्या गल्लीत मी हे उभे राहून पाहिले आहे. दोन पोरे छपरावर चढली. जे-बोल्टचे नट गंजून पत्र्याला चिकटलेले, त्यांना पाना लावण्याच्या भानगडीत कोण पडतो? बोल्टच्या भोवती हातोड्याचे चार घाव घातले, की तेवढा भाग फुटून बोल्ट मोकळा होतो. उरलेला पत्रा खाली फेकायचा. खाली त्याचे तुकडे झाले की घमेल्यात भरायला सोपे. शेवटी एका बाईने खराट्याने जागा झाडून काढली आणि तो करडा भुगा पाटीत भरला. तोंडाला पदर होता. समोरच्या घरातली मुले कठड्याला टेकून जेसीबी बघत होती.

मुकादमाला मी दोष देत नाही. त्याने काम उक्ते घेतले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याला दुसरीकडे जायचे होते. त्याला कोणी काही सांगितलेले नाही, आणि सांगायची जबाबदारी कोणाची हेही कुठे लिहिलेले दिसत नाही.

पत्र्यात काय असते ते आपल्या खात्याला मी सांगायला नको, पण हे पत्र खुले आहे, त्यामुळे वाचकांसाठी सांगतो. ॲस्बेस्टॉस हे खनिज, पण तंतूंच्या रूपातले. पांढरे क्रायसोटाइल, तपकिरी अमोसाइट आणि निळे क्रोसिडोलाइट हे त्याचे व्यापारात चाललेले मुख्य प्रकार. लुडविग हॅट्शेक या ऑस्ट्रियन उद्योजकाने विसाव्या शतकाच्या तोंडावर हे तंतू सिमेंटमध्ये मिसळून पातळ, मजबूत पत्रा काढायची रीत बसवली. पत्र्यात वजनाने साधारण दहा टक्के ॲस्बेस्टॉस, बाकी सिमेंट. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेला असतो तोवर तो फारसे काही करत नाही. पत्रा फुटला, कापला, घासला, भोक पाडले, की तो सुटतो. सुटलेला तंतू उभा चिरत जाऊन आणखी बारीक होतो आणि डोळ्याला दिसेनासा होतो. श्वासावाटे फुफ्फुसात खोलवर गेला की शरीराला तो विरघळवता येत नाही, बाहेरही टाकता येत नाही. त्यातून ॲस्बेस्टॉसिस होतो, फुफ्फुसाचा कर्करोग होतो आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो. हा शेवटचा आजार तंतू शरीरात गेल्यावर वीस ते पन्नास वर्षांनी उगवतो. पांढरा प्रकार निर्धोक असल्याचे आपल्याकडे अजून ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मात्र सगळ्याच प्रकारांना माणसात नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

आमच्या गॅरेजचा हिशोब मी मांडून पाहिला. दहा फूट रुंद, अठरा फूट लांब, सात फूट उंच. पत्र्याचे वजन चौरस मीटरला साधारण तेरा-चौदा किलो. छप्पर, तीन बाजू आणि एकावर एक चढवलेल्या कडा धरून पाऊण टन माल होतो. म्हणजे पाऊणशे किलोच्या आसपास ॲस्बेस्टॉस, एका मध्यमवर्गीय घराच्या गॅरेजमध्ये. कारखान्यातून एवढे बाहेर पडले तर त्याचे कागद करावे लागतात. माझ्या फाटकातून बाहेर पडले तर ट्रॅक्टरवाल्याचे भाडे तेवढे द्यावे लागते.

घाबरवण्याचा माझा हेतू नाही. धड असलेला, न फुटलेला पत्रा डोक्यावर आहे म्हणून कोणी उद्याच घर सोडायची गरज नाही. उलट तो तसाच राहू द्यावा. त्यात खिळे मारू नयेत, शेवाळ काढायला त्यावर तारेचा ब्रश किंवा जोराच्या पाण्याचा फवारा मारू नये. रंगाचा एक हात दिला तर आणखी काही वर्षे निघतील. घाईघाईने, चुकीच्या पद्धतीने उतरवलेले छप्पर हे न उतरवलेल्या छपरापेक्षा वाईट. पण पुनर्विकासात घर पडणारच असते, तिथे हा पर्याय उरत नाही.

आमचे गॅरेज आम्ही गेल्या थंडीत उतरवले. बांधकामाच्या कामात आयुष्य गेल्यामुळे इंग्लंड, ऑस्ट्रेलियातली मार्गदर्शक पत्रके वाचून त्यांचा आपल्या हवामानाला आणि आपल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंना जुळेल असा मेळ घालता आला. तो थोडा विस्ताराने लिहितो, कारण हे अशक्यप्राय काम आहे असे आपल्याला कोणी सांगितले, तर ते खरे नाही.

पहिली गोष्ट मजुरीची. काम उक्ते दिले नाही, रोजाने दिले. उक्त्या कामात लवकर उरकण्यातच मजुराचा फायदा असतो, आणि इथे तर घाईच नको होती. मुकादम म्हणाला, “साहेब, जन्म गेला हाच पत्रा फोडण्यात, काय झालं नाय.” त्याचे वय पन्नाशीचे. आजाराला लागणारा काळ आणि त्याचे वय हा हिशोब मी त्याच्यासमोर केला नाही. एवढेच म्हटले, की पैसे रोजाचे आहेत, सावकाश कर.

दुसरी गोष्ट पडण्याची. ॲस्बेस्टॉस वीस-तीस वर्षांनी मारतो, पण जुना पत्रा त्याच दिवशी मारू शकतो. तो माणसाचे वजन पेलत नाही. वरून धड दिसतो, पाय ठेवला की पापडासारखा तुटतो. कारखान्याच्या छपरावर गळती बंद करायला चढलेला कामगार पत्रा फुटून खाली पडला, ही बातमी आपण सगळ्यांनीच वाचलेली असते. आमच्याकडे कोणालाही वर चढू दिले नाही. आत घोडी लावली, तिच्यावर फळ्या टाकल्या आणि सगळे काम खालून केले. जे-बोल्टचा वरचा नट सोडवत न बसता पर्लिनला, म्हणजे छपराखालच्या आडव्या अँगलला, अडकलेला त्याचा आकडाच खालून बोल्ट कटरने तोडला. ग्राइंडरला हातही लावायचा नाही हे आधीच बजावले होते, कारण त्याचे पाते बोल्टबरोबर पत्राही कापते आणि मग सगळ्या गल्लीत भुगा.

तिसरी गोष्ट पाण्याची. शेतकरी पाठीवर घेतात तो फवारणीचा पंप आणला, नवा कोरा, औषध भरलेला नव्हे. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे द्रावण टाकले, म्हणजे पाणी पत्र्यावरून ओघळून न जाता आत मुरते. मंद फवाऱ्याने पत्रा दोन्ही बाजूंनी भिजवला आणि काम चालू असताना भिजताच ठेवला. सकाळी वारा नसताना सुरुवात केली. शेवटी बसवलेला पत्रा आधी, या क्रमाने एकेक पत्रा अखंड उचलून हातोहात खाली घेतला. तीन मीटरचा एक पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो, ओला झाला की आणखी जड. त्याला तीन माणसे लागतात. दोघांनी ओढून न्यायचा म्हटले की कडा घासते.

मास्कचे प्रकरण सगळ्यात अवघड गेले. रुमाल, पदर, करोनात उरलेले निळे मास्क यांचा इथे काही उपयोग नाही. एफएफपी-३ दर्जाचा मास्क लागतो. आपल्या आयएस ९४७३ या मानकातही तो दर्जा आहे आणि सुरक्षा साहित्याच्या दुकानात मागवला तर मिळतो. पण दाढी असली तर तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही, आणि घट्ट बसला की दम लागतो. एकाने दाढी करायला साफ नकार दिला, त्याला मी बाहेरचे काम दिले. बाकीच्यांना वरचेवर सुटी दिली, दूर झाडाखाली चहा दिला. अंगावर टाकाऊ कापडाचा डगला चढवला, जो शेवटी पत्र्याबरोबरच बांधायचा असतो. घरचे कपडे घालून हे काम करू नये. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत.

बांधणीसाठी बाहेरच्या पत्रकांत २५० मायक्रॉनच्या प्लॅस्टिकचे दोन थर सांगतात. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू तालुक्याच्या गावी मिळते : शेततळ्याचा कागद, ५०० मायक्रॉनचा. तो अंथरून त्यावर पत्रे एकावर एक ठेवले, बोल्टची टोके चिकटपट्टीने झाकली, कागद गुंडाळून सगळ्या कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि वर दुसरा थर घेतला. पन्हळीत साचलेला काळा गाळ आणि पागोळीखालच्या मातीचा वरचा थरही ओला करून पिशवीत भरला, कारण इतक्या पावसाळ्यांनी झिजवलेला पत्रा तिथेच उतरलेला असतो. खराटा वापरला नाही. ओल्या फडक्यांनी पुसले आणि फडकी त्याच पिशवीत. गठ्ठ्यांवर तेलरंगाने मोठ्या अक्षरात लिहिले : ॲस्बेस्टॉस, फोडू नये, उघडू नये.

इथवर काही अडले नाही. अडले ते यापुढे.

प्रभागाच्या कार्यालयात गेलो. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी सांगितले, राडारोड्याच्या गाडीत टाकून द्या. राडारोड्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पात काय होते? तो दळतात आणि त्याची वाळू, खडी, पेव्हर ब्लॉक करतात. म्हणजे मी भिजवून, गुंडाळून, अखंड उतरवलेला पत्रा चक्कीत जाणार आणि पुढे कोणाच्या तरी फुटपाथावर अंथरला जाणार. घातक कचऱ्याच्या एका प्रकल्पाला फोन केला, तर उत्तर मिळाले की नोंदणीकृत सभासद कंपन्यांचाच माल घेतो, वैयक्तिक नाही. भंगारवाल्याने गठ्ठ्याकडे पाहून मान हलवली. यात लोखंड नाही, त्याला काय मिळणार? एका ओळखीच्याने सुचवले, एखाद्या गोठ्याला देऊन टाका, दुवा देतील. हेच सर्वत्र होते. धड निघालेला पत्रा मजुराच्या झोपडीवर, कोंबड्यांच्या खुराड्यावर जातो. तिथे पुन्हा भोके पाडली जातात आणि यावेळी त्याच छपराखाली चूल असते. फुटका निघालेला पत्रा शेतरस्त्याच्या खड्ड्यात भरला जातो. त्यावरून ट्रॅक्टर गेला की त्याचे पीठ.

कायदा काय म्हणतो? २०१६च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसची नोंद आहे, पण ती ॲस्बेस्टॉसचे किंवा त्याच्या वस्तूंचे उत्पादन करणाऱ्यांच्या सदराखाली. कारखान्याचा पत्रा कायद्याला दिसतो, तोच पत्रा पन्नास वर्षे माझ्या घरावर राहून खाली आला की दिसत नाही. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र काढायला स्थानिक संस्थांना सांगितले होते. त्या कचऱ्याच्या व्याख्येत रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले थर्मामीटर, सुया अशी नावे होती. पत्रा नव्हता. पण यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ होते. फुटलेल्या थर्मामीटरसाठी आपण केंद्र काढू शकतो, तर पाऊण टन पत्र्यासाठी त्या ‘इत्यादी’त जागा करायला नवा कायदा लागू नये, आपल्या खात्याचे एक परिपत्रक पुरावे.

शेवटी पत्रा जिथे जायला हवा त्या जागाही आपल्याकडे आहेत. तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सामायिक केंद्रे आहेत. ॲस्बेस्टॉस जाळून नष्ट होत नाही, त्यामुळे भट्टीचा प्रश्न नाही. तळाशी अस्तर असलेल्या सुरक्षित खड्ड्यात गठ्ठा न फोडता ठेवायचा आणि वर मातीचा थर टाकायचा. घराचे फाटक आणि तळोजा यांच्यामध्ये जो रस्ता हवा, तेवढाच नाही.

आणि हा रस्ता दुसऱ्या देशांनी काढला आहे. पोलंडने १९९७ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी आणली आणि मग जुन्या पत्र्यांसाठी २००९ ते २०३२ असा सरळ हिशोबी कार्यक्रम आखला. गावागावात पत्र्यांची यादी करायची, उतरवण्याच्या आणि वाहून नेण्याच्या खर्चात मदत करायची. दक्षिण कोरियाची गोष्ट तर आपल्याला अधिक जवळची. तिथे १९७०च्या दशकातल्या ग्रामसुधार चळवळीत सरकारनेच गवताची छपरे काढून ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांची छपरे चढवली होती. तेच सरकार आता घरमालकांना ती उतरवायला अनुदान देते. इंग्लंडात अनेक स्थानिक परिषदा घरगुती ॲस्बेस्टॉस ठरावीक प्रमाणात, नीट गुंडाळलेला असेल तर, स्वतःच्या केंद्रावर घेतात. इटलीतल्या काझाले मोन्फेरातो या गावाने मात्र फार मोठी किंमत मोजली. तिथल्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या कारखान्यातून निघणारा भुगा लोकांनी घरोघरी अंगणात अंथरला, पोटमाळ्यावर उष्णता अडवायला पसरला. कारखान्यात कधी पाऊल न ठेवलेली माणसेही तिथे मेसोथेलिओमाने मेली. कारखाना १९८६ मध्ये बंद झाला, आजार पुढे कित्येक वर्षे येत राहिला. आपल्या शेतरस्त्यांतल्या पत्र्याच्या तुकड्यांकडे पाहताना मला ते गाव आठवते.

आपल्याकडेही काही कमी झालेले नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरांत ॲस्बेस्टॉस वापरणारे कारखाने होते. घाटकोपरच्या एका कारखान्यातील कामगारांना ॲस्बेस्टॉसिस झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले आणि त्यांच्या तपासणीची नोंद किमान चाळीस वर्षे जपायला सांगितली. आजार उशिरा येतो म्हणून नोंद लांब. कारखान्यातला कामगार निदान हजेरीपटावर असतो. नाक्यावरून उचललेल्या आणि आज इथे, उद्या तिथे पत्रा फोडणाऱ्या मजुराची नोंद कोण ठेवतो? चाळीस वर्षांनी त्याला धाप लागली, तर त्याच्या दम्याच्या औषधाच्या चिठ्ठीवर पत्र्याचे नाव येणार नाही.

२००५च्या अखेरीस फ्रान्सची निवृत्त विमानवाहू नौका क्लेमान्सो आलंगच्या किनाऱ्यावर तोडायला निघाली होती. तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून देशभर गदारोळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि अखेर फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी नौका माघारी बोलावली. ती पुढे इंग्लंडात हार्टलपूलला तुटली. परक्याचा ॲस्बेस्टॉस आपल्या किनाऱ्यावर नको, हे आपण ठणकावून सांगितले, चांगलेच केले. स्वतःच्या गॅरेजमधला कुठे ठेवायचा हा प्रश्न त्या गदारोळात कोणाला पडल्याचे मला तरी आठवत नाही.

तेव्हा मागणे थोडके आहे. सर्व महापालिका आणि नगरपालिकांना परिपत्रक काढून जुना सिमेंटचा पत्रा राडारोड्यात घ्यायला मनाई करावी आणि घरगुती घातक कचऱ्यात त्याचा समावेश करावा. नुसती मनाई केली तर तो नदीकाठी जाईल, म्हणून दोन्ही एकाच कागदावर हवे. चारही सामायिक केंद्रांना, महापालिकेने गोळा केलेला, बांधलेला घरगुती पत्रा किलोच्या ठरलेल्या दराने घेणे बंधनकारक करावे. पैसे घ्या. पुनर्विकासाचा करार करणारा बांधकाम व्यावसायिक पाऊण टनाचा खर्च सहज सोसेल. ज्याच्या झोपडीवर पत्रा आहे त्याच्याकडून मात्र घेऊ नका, कारण त्याच्याकडून घेतले तर तो पत्रा देणारच नाही. पाडकामाची परवानगी देताना पत्रा वेगळा उतरवून जमा केल्याची पावती मागावी. नळ तोडल्याची, वीज तोडल्याची कागदपत्रे मागतातच, त्यात एक आणखी.

मुकादमांना शिकवायला मोठी संस्था नको. एक मोकळे गॅरेज, एक फवारणी पंप, शेततळ्याचा कागद आणि एक सकाळ पुरते. आमच्या मुकादमाने दुसऱ्या दिवसापासून मला काही सांगू दिले नाही, तोच पोरांवर ओरडत होता, “भिजव आधी, मग हात लाव.”

कोकणाचा विचार वेगळा करावा लागेल. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत कौले उडाली तसे सिमेंटचे पत्रेही फुटले. वादळानंतर नव्या पत्र्यांची मागणी इतकी वाढली, की भाव चढल्याच्या तक्रारी झाल्या. फुटलेल्यांची चौकशी कोणी केली नाही. पंचनाम्यात छप्पर गेल्याचे क्षेत्र लिहितात, तुकडे कुठे पुरले ते लिहीत नाहीत. पुढच्या वादळानंतर वाटायच्या ताडपत्रीबरोबर जाड पिशव्या आणि मास्क द्यायला आपत्ती व्यवस्थापनाला सांगता येईल. आणि नुकसानभरपाईतून पुन्हा तोच पत्रा चढणार नाही, इतके तरी राज्याच्या हातात आहे.

आमचे गठ्ठे घरामागे लाकडी ओंडक्यांवर, ताडपत्री झाकून ठेवले आहेत. मी असेपर्यंत ते कोणी उघडणार नाही. पण घर पुनर्विकासाला गेले की ती जागाही जाईल, आणि गठ्ठ्यावरच्या अक्षरांना जेसीबी विचारत नाही. आपल्या खात्याने एखादे शहर निवडून प्रयोग करायचा ठरवला, तर पहिला माल म्हणून हे गठ्ठे द्यायला मी तयार आहे. वाहतुकीचा खर्च माझा. आमच्या बोळात ४०७ टेम्पो सरळ आत येतो, मागे वळवायलाही जागा आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त बांधकाम अभियंता

ता. क. : शेजारच्या दोन बंगल्यांचे पाडकाम पावसाळा संपताच सुरू होणार आहे. दोन्हीकडे असेच गॅरेज आहे. मालकांशी मी बोललो आहे. पत्रा जपून उतरवायला ते तयार आहेत, पण नेऊन टाकायची जागा कळल्याशिवाय वेगळी मजुरी द्यायला बांधकाम व्यावसायिक तयार नाही. त्यामुळे उत्तर दसऱ्याच्या आत मिळाले तर बरे.